अकरा नंबरच्या झाडाची उलटी बाजू

फुलं कधी उमलणार हे फुलांना विचारून कळत नाही, म्हणून मी गणित मांडलं. पुढे बाबांची शिट्टी जप्त झाली, आईला सरकारी कागदावर पद मिळालं आणि मी माझ्याच मोहिमेत सहाय्यक क्रमांक दोन झाले. या सगळ्याचं मूळ त्या गणितात आहे.

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. पदवी मिळून आठ महिने झाले होते आणि घरात तिचा उपयोग आतापर्यंत तीनदा झाला होता. एकदा फ्यूज बदलताना, एकदा कुकरची शिट्टी का होत नाही हे समजावून सांगताना (रिंग सैल झाली होती, आईला आधीच माहीत होतं) आणि एकदा पाहुण्यांना दाखवताना. बाबा मला "शास्त्रज्ञ" म्हणतात. हाक मारताना ते कौतुक असतं, आणि गॅसचा सिलिंडर हलवायला बोलावताना टोमणा.

आई घरी कपडे शिवते. तिच्या मशीनसमोरच्या भिंतीवर एका कॅलेंडरचं पान आहे. नऊ वर्षांपूर्वी दोऱ्याच्या घाऊक दुकानदाराने दिलेलं. मार्च महिना. आईने तारखांची पट्टी कात्रीने सरळ रेषेत कापून टाकली, चित्र चार टाचण्यांनी भिंतीला लावलं आणि उरलेले अकरा महिने रद्दीत दिले. चित्रात डोंगराचा उतार आहे, थोडं धुकं आहे, आणि झाडं इतकी लाल फुललेली की बघणाऱ्याने आपलेच डोळे तपासून घ्यावेत. बॉबिन भरताना आईची नजर मोकळी असते. ती त्या चित्राकडे बघते आणि म्हणते, "एकदा बघायला हवं गं."

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकत होते. इतकं, की मला ते मशीनचाच आवाज वाटायचं. त्या दिवशी मात्र ते मला ऐकू आलं. बेकारीचे जे थोडे फायदे आहेत त्यांपैकी हा एक, माणसाला घरातली वाक्यं ऐकू यायला लागतात.

"जाऊया," मी म्हणाले.

आईने मशीन थांबवली. "कधी?"

"फुलं असतील तेव्हा."

"ते कधी?"

"सांगते," मी म्हणाले आणि फसले.

आईची अट सरळ होती. "लग्नसराईचे कपडे आहेत हातात. एक शनिवार-रविवार मिळेल. तू म्हणशील तो. पण एकच." त्यात तो डोंगर अभयारण्यात (कुठल्या, ते आईला पहिल्यापासून ठाऊक होतं), आणि तिथला नियम असा की एका कुटुंबाला एका हंगामात एकदाच प्रवेश. आणि बहर दहा-अकरा दिवसांचा. म्हणजे तारीख चुकली की वर्ष गेलं, आणि आईचं वर्ष गेलं की ती काही म्हणत नाही, हेच वाईट.

आता गणिताबद्दल दोन शब्द. कळी उमलायला ठरावीक ऊब लागते. रोजच्या सरासरी तापमानातून एक आकडा वजा करायचा, उरेल ते साठवत जायचं, साठा पुरेसा झाला की फूल. मी गच्चीवरच्या खांबाला तापमापक लावला. छोटंसं यंत्र, तासातासाला आकडा माझ्या मोबाइलवर पाठवणारं. उंचीचा फरक वजा केला की डोंगरावरचं तापमान. हे मी सगळ्यांना समजावलं. कुणाला कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांना मत देता आलं.

तळमजल्यावर हवामानकाका राहतात. ते तीस वर्षं हवामान खात्यात होते. खरं तर ते तिथे कर्मचाऱ्यांच्या रजा नोंदवायचे, पण इमारतीत वाळत घातलेले कपडे त्यांना विचारल्याशिवाय कुणी काढत नाही.

"घरचा तापमापक कशाला?" ते म्हणाले. "खात्याचे आकडे घे ना."

"ते बरोबर असतात का, काका?"

काकांनी खालीवर पाहिलं आणि आवाज उतरवला. "नको घेऊस. मी होतो तिथे."

चौथ्या मजल्यावर सर्वत्रमावशी. त्या सगळीकडे जाऊन आल्या आहेत आणि सगळीकडून नाराज होऊन परतल्या आहेत. समुद्र बघून आल्या तेव्हा म्हणाल्या, "नुसतं पाणी." अभयारण्याचं नाव काढताच त्यांनी हात हलवला. "अगं, काही नाही तिथे. नुसती झाडं." गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांच्याइतकी प्रेमळ बाई इमारतीत दुसरी नाही, आणि हे मी पुढचं सगळं ध्यानात ठेवून लिहिते आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी तारीख जाहीर केली. अठ्ठावीस मार्च, शनिवार. चूक अधिक-उणे दोन दिवस. आईने ती तारीख खडूने मशीनच्या लाकडावर लिहिली. तिथे फक्त पक्क्या गिऱ्हाइकांच्या तारखा लिहिल्या जातात. मला पदवीदानाच्या वेळी इतकं भारी वाटलं नव्हतं.

राहिला प्रवेशाचा अर्ज. तो मी मार्च उजाडल्यावर भरायला घेतला. बावीस रकान्यांचा. एकविसाव्या रकान्यापर्यंत मी निर्दोष होते. बाविसावा असा: "भेटीचा हेतू: (अ) पर्यटन, (ब) अभ्यास. लागू असेल तिथे खूण करा."

दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने डोळे मिटून (अ) वर खूण केली असती. मी पेन हातात धरून पाच मिनिटं बसले. मी तिथे कशासाठी जात होते? माझं भाकीत खरं ठरतं का, हे तपासायला. याला पर्यटन म्हणता येईल का? आई पर्यटनाला जात होती, बाबा आमच्यामागे जात होते. पण अर्जदार मी होते. खोटं लिहू नये. मी (ब) वर खूण केली, आणि शाई वाळेपर्यंत मला माझ्याबद्दल फार आदर वाटला.

चार दिवसांनी वनखात्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं.

खिडकी क्रमांक तीनवर एक कारकून बसले होते. टेबलावर तीन शिक्के, एक स्पंज, आणि स्पंजात पाणी नव्हतं म्हणून शेजारी चहाची बशी. त्यांनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला.

"अभ्यास?"

"हो."

"कोणत्या संस्थेतर्फे?"

"स्वतःतर्फे."

"मुख्य अभ्यासक कोण?"

"मीच."

"या झाडाचं निरीक्षण किती वर्षांचं?"

"प्रत्यक्ष असं... म्हणजे, गणिताने..."

"वर्षं," कारकून म्हणाले.

"शून्य."

त्यांनी तो आकडा लिहिला नाही. पेन खाली ठेवलं आणि ज्या नजरेने डॉक्टर रिपोर्ट बघून नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्यामागे उभ्या असलेल्या आई-बाबांकडे पाहिलं.

"साहेब," मी म्हणाले, "मग पर्यटन करा. मी ती खूण खोडते."

"अर्ज एकदा नोंदला की हेतू बदलत नाही. माणूस बदलता येतो, हेतू नाही."

"अर्ज मागे घेतला तर?"

"घ्या ना. नवीन अर्ज, तीस दिवस."

तीस दिवस म्हणजे एप्रिल. मी माझ्या बहराच्या आलेखाकडे पाहिलं, मी तो बरोबर आणला होता. एप्रिलमध्ये त्यावर एक सपाट रेघ होती.

"अभ्यासासाठी किमान पाच वर्षांचं निरीक्षण लागतं," कारकून म्हणाले, आणि केवळ नियमाचा भाग म्हणून विचारलं, "तुमच्या गटात ते झाड सगळ्यात जास्त कुणी पाहिलंय?"

"मी," आई म्हणाली.

"किती वर्षं?"

"नऊ झाली."

"वर्षातून किती वेळा?"

"रोज बघते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. रविवारी जरा कमी."

कारकुनांनी पहिल्यांदा मान वर केली. कुठून बघता हे विचारायचा रकाना अर्जात नव्हता. त्यांनी बशीत शिक्का बुडवता बुडवता लिहिलं: "मुख्य अभ्यासक: अर्जदाराची आई. दैनिक निरीक्षण, नऊ वर्षे." मग बाबांकडे पाहून, "सहाय्यक क्रमांक एक." मग माझ्याकडे.

"मला वाटलं निदान एक नंबर..." मी म्हणाले.

"वयानुसार," कारकून म्हणाले आणि शिक्का मारला.

परवान्यासोबत कामही आलं. अभ्यासपट्टा क्रमांक तीन, प्रवेशद्वारापासून चार किलोमीटर पायी. तिथल्या वीस क्रमांकित झाडांवरची फुलं मोजायची, बुंध्याचा घेर घ्यायचा, महिनाभरात अहवाल द्यायचा. "बहराचं पठार वाटेतच लागतं," कारकुनांनी दिलासा दिला. "पर्यटक तिथेच जातात. तुम्ही ते बघा आणि मग कामाला लागा." म्हणजे फुलं सकाळी पठारावर बघायची आणि दुपारी माझ्या प्रामाणिकपणाची शिक्षा भोगायची, असा कार्यक्रम ठरला. माझं गणितही पठाराच्या उंचीसाठीच होतं.

बाबा शाळेत कवायत शिकवतात. "चार किलोमीटर पायी" हे वाचून त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला जिन्यावर सराव सुरू झाला. चार मजले वर, चार मजले खाली, प्रत्येक मजल्यावर शिट्टी. आई दोन फेऱ्या करून मशीनवर बसायची, मी दहा करून जमिनीवर. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सूचनाफलकावर तक्रार लागली. पाचव्या दिवशी तक्रार करणारे गृहस्थ स्वतःच कॅनव्हासचे बूट घालून फेरीत सामील झाले, कारण झोप तर मोडलीच होती. हवामानकाका दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक फेरीला सांगायचे, "आज दमट आहे, जपून."

सत्तावीस मार्चला आम्ही बॅगा भरल्या. अभ्यासाच्या साहित्याची यादी परवान्यावर होती: भिंग, टेप, पेन्सिली, छत्री. टेप म्हणून आईने तिचा गळ्यातला टेप घेतला. अठ्ठावीसला पहाटे टॅक्सी आली तेव्हा निम्मी इमारत खाली उभी होती. सर्वत्रमावशी खास चौथ्या मजल्यावरून उतरून आल्या होत्या. त्यांनी आईला बिस्किटांचा पुडा दिला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"आणि त्या तुझ्या तापमापकाची काळजी करू नकोस हो. नीट ठेवलाय मी."

"कुठे ठेवलाय?"

"टाकीखाली. जानेवारीतच ठेवला. भर उन्हात बिचारा तापत होता."

टॅक्सी सुटली.

त्यानंतरचे चार तास मी कसे काढले ते मलाच माहीत. पाण्याच्या टाकीखाली! जिथे ऊन वर्षातून एकदाही जात नाही, जिथे शेवाळाला आल्हाददायक वाटतं! तीन महिने मी मोबाइलवर आकडे बघत होते आणि यंत्र जागेवर आहे का हे बघायला एकदाही गच्चीवर गेले नव्हते. निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे, हे मी बाबांना किमान चार वेळा ऐकवलं असेल.

मी मांडीवर वही ठेवून नव्याने बेरीज केली. थंड आकडे म्हणजे साठा सावकाश भरला. खरा साठा लवकर भरला असणार. म्हणजे बहर अठ्ठावीसला नव्हे, सतराला. सतरा अधिक अकरा, अठ्ठावीस. आज फुलं उमलत नव्हती, संपत होती. मी पुन्हा बेरीज केली. फुलं पुन्हा संपली.

"काय लिहितेस एवढं?" पुढच्या सीटवरून आईने विचारलं. तिने लग्नसमारंभासाठी राखलेला जांभळा स्कार्फ बांधला होता. फुलांसमोर बरा दिसेल म्हणून.

"काही नाही. जरा तपासतेय."

"तपास, तपास," बाबा म्हणाले. "शास्त्रज्ञ आहे आमची."

त्या क्षणी सिलिंडर हलवायला सांगितला असता तर मी आनंदाने हलवला असता.

प्रवेशद्वारापाशी एक वनरक्षक बाई उभ्या होत्या. पायात जाड बूट, काखेत वही, आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षं लोकांना "फांदी सोडा" असं सांगून आलेला शांतपणा. परवाना वाचून त्यांनी आईला नमस्कार केला.

"या मॅडम. नऊ वर्षांचं निरीक्षण म्हणजे मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे येणारे दोन वर्षांत कंटाळतात."

"सवय झालीय हो," आई म्हणाली.

बाबांना उत्साह आवरला नाही. त्यांनी प्रस्थानाची शिट्टी वाजवली. झाडीतून वीस-पंचवीस पक्षी एकदम उडाले. बाईंनी हात पुढे केला, शिट्टी घेतली आणि पावती फाडून दिली: "शिट्टी, नग एक, दोरीसह." पुढचा सगळा दिवस बाबा मधूनच हात छातीकडे नेत आणि तिथे काही नाही हे आठवून खाली आणत.

पठाराच्या वाटेवर पर्यटक परत येताना दिसू लागले. फुलं पाहून आलेली माणसं अशी चालत नाहीत. एका लहान मुलीने आजोबांना विचारलं, "आता खरी फुलं कुठे आहेत?" आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी."

पठार आलं. सुंदर लोखंडी कठडा होता. सुंदर पाटी होती, "फुले तोडू नयेत". पाटीचा सल्ला वाऱ्याने ऐकला नव्हता. झाडं हिरवीगार उभी होती आणि त्यांच्याखाली फुलं सडून चॉकलेटी रंगाची झालेली पडली होती. कुठेकुठे एखादा तांबडा ठिपका. एक जोडपं त्या ठिपक्यासोबत फोटो काढायला रांगेत उभं होतं.

आई कठड्यापाशी गेली. खाली वाकून तिने एक वाळलेलं फूल उचललं, तळहातावर उलटं करून पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली.

आमच्या घरात "असू दे" हा शेवटचा शब्द असतो. कापड चुकून आखूड कापलं गेलं, "असू दे". माझ्या सख्ख्या मावशीच्या लग्नाला जाता आलं नाही, "असू दे". मला ते ऐकवेना.

"आई, माझं चुकलं," मी म्हणाले, आणि टाकी, शेवाळ, सतरा तारीख, सगळं सांगून टाकलं. बाबांचा हात छातीकडे गेला आणि खाली आला.

आईने हातातलं फूल कठड्यावर ठेवलं. मग तिने विचारलं, "टाकीखाली कुठे? पाइपापाशी?"

"असेल."

"मावशींचा जीव फार मऊ," ती म्हणाली. "मागे त्यांनी इमारतीच्या मीटरवरसुद्धा कापड घातलं होतं." आणि ती हसू लागली. ती हसल्यावर बाबा हसले. मी हसले नाही. शास्त्रीय चुकीचं सुतक निदान दुपारपर्यंत पाळावं असं माझं मत होतं.

"चला मॅडम," वनरक्षक बाई म्हणाल्या. "पट्टा तीन अजून वर आहे."

"किती वर?" मी सहज विचारलं.

"साडेतीनशे मीटर तरी. परवान्यात लिहीत नाहीत, नाहीतर कुणी येत नाही."

मी दहा पावलं चालले आणि थांबले. दर शंभर मीटर चढाला बहर साधारण तीन दिवस मागे पडतो. हे मी स्वतःच वहीत लिहिलं होतं, पण पठाराच्या पलीकडे कधी विचार केला नव्हता. साडेतीनशे मीटर म्हणजे दहा-अकरा दिवस. सतरा अधिक अकरा.

"चला!" मी ओरडले. "लवकर चला!"

"हिला काय झालं?" बाबांनी विचारलं.

वाट खडी होती, पण जिन्याच्या सरावाचं सोनं झालं. आई एका लयीत चढत होती, पायाखाली मशीनचं पॅडल असल्यासारखी. मी प्रत्येक वळणावर मोबाइलवर उंची बघत होते आणि माझं गणित सुधारत होतं. शंभर मीटर: झाडांवर सुकलेले गुच्छ. दोनशे मीटर: निम्मे सुकलेले, निम्मे ताजे. अडीचशे मीटरवर एक पाकळी माझ्या चष्म्यावर येऊन पडली आणि मी तिला धन्यवाद म्हणाले.

शेवटच्या वळणावर आई पुढे होती. ती थांबली, म्हणून आम्ही थांबलो.

त्याचं वर्णन करायला मला नेमकेपणा उपयोगी पडणार नाही, तरी प्रयत्न करते. उतारभर झाडं होती आणि त्यांना पानं असतील यावर विश्वास ठेवावा लागत होता. चित्रात होता तसा एक लाल नव्हताच. खाली गडद, वर जाता जाता फिका, आणि अगदी माथ्यावर गुलाबी. सगळ्या उतारावर मधमाश्यांचा एक अखंड आवाज होता. अधूनमधून एखादं अख्खं फूल सुटायचं आणि पानांवर टप् करून पडायचं. बाबांनी टोपी काढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आई झाडांकडे बघत होती. मी तिच्याकडे. नऊ वर्षांनी काय म्हणणार ही?

"रंग कुठे बदलतो ते कळतच नाही," ती म्हणाली. "शिवण दिसत नाही कुठे."

मग तिने स्कार्फ नीट केला, गळ्यातला टेप काढला आणि म्हणाली, "कुठंय पहिलं झाड?"

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो, असं वनरक्षक बाईंनी सांगितलं. आईला यात नवीन काही वाटलं नाही. तिने झाडाभोवती टेप फिरवला, दोन बोटं आत सरकवली. "एकशे बारा. सैलसर धरू का?"

"अगं, त्याला शर्ट शिवायचा नाहीये," बाबा म्हणाले.

"वाढतं अंग आहे ना त्याचं."

बाबांनी फांद्यांच्या रांगा लावून मोजणी केली. झाडाला "सावधान" म्हणायचं बाकी ठेवलं, इतकंच. मी आकडे लिहीत होते. सहाय्यक क्रमांक दोनचं काम तेच असतं.

अकरा नंबरच्या झाडावर एकही फूल नव्हतं.

वनरक्षक बाईंनी जुनी वही उघडली. "हे असंच आहे. सहा वर्षं शून्य. एका पथकाने लिहिलंय, मुळांना पाणी कमी. दुसऱ्याने लिहिलंय, वार्धक्य. एक जण तर याच्यावर पंधरा पानं लिहून गेलाय."

माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. फुललेल्या एकोणीस झाडांत एकच अपवाद! उताराचा कोन, प्रकाश, मातीचं तापमान... मी गुडघ्यावर बसून भराभर टिपणं काढू लागले. ही माझी प्रतिष्ठा परत मिळवायची संधी होती. "बाई, माझा असा कयास आहे की सूक्ष्म वातावरणातल्या फरकामुळे..."

आईने अकराचं एक खाली पडलेलं पान उचललं आणि उलटं केलं. मग चार पावलं जाऊन दहाचं उचललं, तेही उलटं केलं. दोन्ही पानं तिने दोन बोटांत धरून चोळली, दुकानात कापड बघताना चोळते तशी.

"हे झाड ते नाहीच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"याचं अस्तर वेगळं आहे. या दहाच्या पानाला मागून बदामी लव आहे, मखमलीसारखी. माझ्या चित्रात कोपऱ्यात एक पान वाऱ्याने उलटलंय ना, त्यालाही तशीच आहे. अकराला मागून काहीच नाही, नुसतं गुळगुळीत. वरून कापड सारखं दिसतं हो, पण उलटी बाजू बघितल्याशिवाय मी कधी कापड घेत नाही."

वनरक्षक बाईंनी दोन्ही पानं हातात घेतली. सरळ पाहिली, उलटी पाहिली. अकराच्या बुंध्यावरची पत्र्याची पट्टी पाहिली. मग त्या शेजारच्या दगडावर बसल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "पंधरा पानं."

मी माझं टिपणाचं पान वहीतून हळूच फाडलं आणि खिशात घातलं.

बिस्किटांचा पुडा आम्ही त्या झाडांखाली बसून संपवला. आईने बसल्या जागी मागे टेकून वर पाहिलं आणि ती तशीच राहिली. अर्धा तास. हातात काम नाही, बॉबिन नाही. तिला इतका वेळ रिकाम्या हाताने बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. उतरताना बाबांनी पावती दाखवून शिट्टी परत घेतली आणि गेट पार करून पन्नास पावलं गेल्यावरच वाजवली.

अहवाल मी लिहिला, आईने सही केली. "त्रुटी" या मथळ्याखाली मी टाकीचा उल्लेख प्रामाणिकपणे केला होता. मे महिन्यात उत्तर आलं. ते हवामानकाकांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं, कारण सरकारी मराठी इमारतीत त्यांच्याच जिभेला पेलते. वृक्ष क्रमांक अकरा ही वेगळीच जात असल्याची खात्री झाली असून त्यास यादीतून वगळण्यात येत आहे. सहा वर्षांचे तक्ते दुरुस्त करण्यात येत आहेत. मुख्य अभ्यासकांच्या सूक्ष्म दृष्टीबद्दल कार्यालय आभारी आहे. सर्वात शेवटी: "सहाय्यक क्रमांक दोन यांनी उपकरणे योग्य जागी ठेवावीत."

सर्वत्रमावशींनी माझा हात दाबला. "मी ठेवलीच होती गं."

त्या संध्याकाळी आईला ते पत्र भिंतीवर लावायचं होतं. चित्राच्या शेजारी जागा करायला मी चारही टाचण्या काढल्या आणि पान हातात घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते भिंतीवरून उतरलं होतं. उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत मजकूर होता: ठिकाण, उंची, जायची वाट, आणि खाली, "बहराची वेळ: पंधरा ते पंचवीस मार्च."

मी पान तिच्यासमोर धरलं.

"आई, तुला हे माहीत होतं?"

"हो," ती सुई ओवत म्हणाली. "आणलं त्याच दिवशी बघितलं. उलटी बाजू बघितल्याशिवाय मी घेते का काही?"

"मग सांगितलं का नाहीस? तीन महिने मी आकडेमोड करत होते!"

"तू अठ्ठावीस म्हणालीस. म्हटलं, पान नऊ वर्षं जुनं, तू ताजी. हवा बदललीय म्हणतात."

"आणि पठारावर फुलं नव्हती, तेव्हा? तेव्हासुद्धा बोलली नाहीस."

आईने दोरा दाताने तोडला. "छापलेलं काय, कुणासाठीही छापतात. माझ्यासाठी तारीख कुणी काढली होती का आजवर? मशीनवर लिहिली होती मी. मग ती चुकली तरी जायचंच होतं."

बोलण्यासारखं होतं ते गणिताने मांडता येणारं नव्हतं. मी पान परत भिंतीला लावलं, चित्राची बाजू आत आणि मजकुराची बाहेर.

आईने मशीनवरून मान वर केली.

"सरळ लाव," ती म्हणाली. "उलट्या बाजूचं मला पाठ आहे."